ताप नसलेला सूर्य

2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे मुंबईतल्या मरोळच्या वर्गात ज्ञानेश्वरांच्या ज्ञानेश्वरीतले पसायदान ईस्ट इंडियन कॅथलिक आणि दाऊदी बोहरा मुलांच्याही समोर येऊ शकते. एका संताने देवाकडे मागितलेले दान परधर्मी मुलांनी पाठ म्हणून वाचावे का, ही शंका रास्त आहे. माझ्या मते वाचावे, मात्र नीट वाचावे. सज्जनांना तिथे डाग नसलेले चंद्र आणि ताप नसलेले सूर्य म्हटले आहे. परीक्षा अलंकार ओळखायला लावून मोकळी होते. पण असा सूर्य आकाशात नसतोच! तेज आहे आणि पोळत नाही असा माणूस किती दुर्मीळ, हे त्या अशक्यतेतूनच उमगते. पात्रांचेही तेच. खलनायक शेवटी मरणार, ही मुलांची सवय. इथे दुष्टांचा नाश मागितलेलाच नाही. त्यांचा वाकडेपणा जावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढेच मागणे आहे. हे वळण ज्या मुलाला दिसले, तो शके 1212च्या त्या ग्रंथाच्या नीतिविचारापर्यंत पोचला. त्यासाठी गळ्यात माळ घालावी लागत नाही.

श्रद्धाळू म्हणतील, पवित्र वचनाला अलंकार म्हटले की त्याचे मोल उतरते. पण गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगणारे ज्ञानेश्वर दृष्टान्तांनीच विचार करतात. ते काढले तर ज्ञानेश्वरीत उरणार काय? आणि 1616मध्ये गोव्यात छापलेल्या क्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ती स्वर्गाला वैकुंठ म्हटले, तेही चर्चच्या परवानगीने. ते वाचून कोणी विष्णुभक्त झाला नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे: सूर्य रूपक, तर देव का नाही? व्याकरणाने हे सुटत नाही. बोहरा परंपरेत, जिच्या अल-जामिया-तुस-सैफिया या विद्यापीठाचा मरोळमधला परिसर 2023मध्ये खुला झाला, अर्थाचे जाहिर आणि बातिन, म्हणजे उघड आणि आतला, असे दोन थर मानतात; आतला अर्थ कळला म्हणून रोजा-नमाज सुटत नाही. म्हणजे लाक्षणिक अर्थ पत्करला की शब्दशः अर्थावर पाणी सोडावे लागते, हे गृहीतच कच्चे आहे. दोहोंत कोणत्या अर्थाला किती वजन द्यायचे, ते घर, देऊळ, मशीद, चर्च पाहून घेतील. शाळेने सूर्य कुठे सूर्य आहे आणि कुठे माणूस, एवढे दाखवावे. आणि एखाद्या मुलीने देवाबद्दल तोच प्रश्न विचारला, तर अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून तिला खाली बसवू नये.