स्टीव्हन्सनवर लिहिताना

प्रिय ओंकार,



तुझा मसुदा वाचला. हात चांगला चालतो तुझा. पण ‘क्युबाचा अमॅच्युअर बॉक्सर तेओफिलो स्टीव्हन्सन व्यावसायिक झाला असता तर त्याने मुहम्मद अलीलाही लोळवलं असतं’ हा निकाल पहिल्याच परिच्छेदात देऊन तू मोकळा झालास, आणि उरलेला लेख त्या निकालाची वकिली करत बसलाय. आधी पुरावे मांड. ते नीट तपासलेस तर तुझं तुलाच अवघडल्यासारखं होईल.

तुझा मुख्य पुरावा असा : 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेच्या ड्वेन बॉबिकला तिसऱ्या फेरीत संपवलं. आदल्याच वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेत याच बॉबिकने त्याला हरवलं होतं. 1976 ला माँट्रियलमध्ये जॉन टेट पहिल्याच फेरीत आडवा झाला, आणि हा टेट 1979 मध्ये व्यावसायिक विश्वविजेता झाला. मग स्टीव्हन्सन का झाला नसता?

आता हेच गणित जरा पुढे चालव. 1972 च्या अमेरिकन निवड चाचणीत बॉबिकसमोर होता लॅरी होम्स. तो इतक्या मिठ्या मारत राहिला, की पंचांनी त्याला बाद ठरवलं. म्हणजे कागदावर होम्सपेक्षा बॉबिक सरस, बॉबिकपेक्षा स्टीव्हन्सन. प्रत्यक्षात काय झालं? बॉबिक सलग 38 व्यावसायिक लढती जिंकून 1977 मध्ये केन नॉर्टनसमोर उभा राहिला आणि 58 सेकंदांत खलास झाला. मिठ्या मारणारा होम्स पुढच्याच वर्षी त्या नॉर्टनला पंधरा फेऱ्यांत हरवून विश्वविजेता झाला, तो 1985 पर्यंत हरला नाही. अमॅच्युअर निकालांच्या साखळीवर किती भरवसा ठेवायचा, हे तूच ठरव.

आणि टेट? 1980 साली त्याचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. माइक वीव्हरविरुद्ध तो गुणांवर पुढे होता. पंधराव्या फेरीचं शेवटचं मिनिटही पूर्ण उरलं नव्हतं, तेव्हा वीव्हरचा एक ठोसा बसला आणि टेट तोंडावर पडला, उठलाच नाही. स्टीव्हन्सनच्या काळात अमॅच्युअर लढत तीन फेऱ्यांची, नऊ मिनिटांची. व्यावसायिक विजेतेपदाची पंचेचाळीस मिनिटांची. एवढा वेळ ठोसे खात उभं राहणं त्याला जमलं असतं का, हे त्याला कधी कोणी विचारलंच नाही. तुझ्या लेखातही तो प्रश्न नाही.

मॉस्को 1980 वर तुझं एकच वाक्य आहे : तिसरं सुवर्ण. त्या लढती पुन्हा बघ. सव्वासहा फुटांच्याही वरचा हा माणूस डाव्या जॅबने अंतर मोजत राहायचा, घाई अजिबात नाही, आणि समोरचा मापात आला की उजवा हात सुटायचा. हंगेरीच्या लेवईने तीन फेऱ्या नुसती पळापळ केली आणि पायांवर उभा राहिला! त्याला कोपऱ्यात कोंडणं स्टीव्हन्सनला जमलं नाही. उलट टोकाला सोव्हिएत युनियनचा इगोर व्हिसोत्स्की. उंचीने कमी, पण सतत अंगावर येणारा. त्याने स्टीव्हन्सनला 1973 आणि 1976 असं दोनदा हरवलं. व्यावसायिकांमधला जो फ्रेझियर याच घडणीचा होता, हे विसरू नकोस.

पण त्याला उगाच खालीही ओढू नकोस. तो उजवा हात खरा होता, आणि डोकं थंड होतं. व्यावसायिक शिकवणी मिळाली असती तर जवळून लढायला तो शिकला असता, असं मला वाटतं. ऑलिम्पिक सुवर्णानंतर अलीने साडेतीन वर्षं आणि 19 लढती घालवल्या, मग विजेतेपद. फोरमनने चार वर्षं आणि 37 लढती. त्या हिशेबाने स्टीव्हन्सन 1976 च्या सुमारास तयार झाला असता, आणि तेव्हाचा अली नॉर्टनविरुद्ध कसाबसा तरला होता. माझं मत विचारशील तर सत्तरीच्या दशकाच्या शेवटी एखादा पट्टा त्याच्या कमरेला आला असता. होम्सकडून मात्र तो हरला असता. अमॅच्युअरमधून थेट अलीसमोर? त्याचं उत्तर 1957 मध्येच मिळालं होतं. ऑलिम्पिक विजेता पीट रॅडमाकर पहिल्याच व्यावसायिक लढतीत विश्वविजेत्या फ्लॉइड पॅटरसनला आव्हान द्यायला गेला. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला पाडलंही, पण सहाव्या फेरीत स्वतःच संपला.

आता लाखो डॉलरपेक्षा क्युबन जनतेचं प्रेम मोठं, हे व्यावसायिक न होण्याबद्दलचं स्टीव्हन्सनचं उत्तर. ते उत्तर प्रत्येक लेखात असतं, तुझ्यात तर दोनदा आलंय. एकदा ठेव, आणि शेजारी हे लिही की क्युबात 1962 पासून व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी होती. पैसे घ्यायचे म्हणजे देश आणि घरदार सोडायचं. तेव्हा त्याला संत करू नकोस, बिचाराही करू नकोस. त्याच्या नंतरच्यांपैकी काहींनी देश सोडला. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमधले दोन सुवर्णविजेते बघ. रिगोन्डो जगज्जेता झाला. सोलिस 2011 मध्ये क्लिचकोसमोर गुडघा दुखावून पहिल्याच फेरीत बाहेर गेला. संघ तोच, प्रशिक्षण तेच.

विजेंदर सिंगचा परिच्छेद काढ. आपल्या वाचकाला ओळखीचा म्हणून घातलास, समजू शकतो. पण बीजिंगच्या कांस्यानंतर सात वर्षांनी, तिशीच्या उंबरठ्यावर व्यावसायिक झालेला मिडलवेट इथे काय सांगणार? त्याचा पणजीच्या कॅसिनो जहाजावरचा पहिला पराभव हा वेगळ्या लेखाचा ऐवज आहे, तो मला जरूर लिहून दे.

आणि मथळ्यातला ‘अजिंक्य’ शब्द खोड. 1982 च्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या दामियानीने त्याला हरवलं होतं, आणि हे ठाऊक असलेला एक तरी वाचक पत्र पाठवणारच. शुक्रवारपर्यंत दुसरा मसुदा दे, आठशे शब्दांच्या आत.

तुझा,
काका