हवा कुणाच्या बाजूने वाहते?

क्लीन रूममधल्या स्वच्छतेला आकडे असतात. आयएसओ ५ दर्जाच्या खोलीत दर घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. आत येणारी हवा हेपा फिल्टरमधून येते, तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो.

आपल्याकडची शुद्धतेची जुनी व्यवस्था म्हणजे सोवळं. तिथे मोजमाप नव्हतं. कुणाचा विटाळ होतो हे जन्मानेच ठरायचं. त्या मानाने क्लीन रूम सरळ आहे. कातडीचे कण मालकाचेही झडतात आणि झाडूवाल्याचेही, त्यामुळे आत जाताना दोघांनाही तोच अंगभर सूट. पण मोजमाप आलं म्हणजे न्याय आला, असं होत नाही.

अशा खोल्यांच्या हवेवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. त्यातली एक महत्त्वाची संख्या म्हणजे दोन खोल्यांमधल्या दाबाचा फरक, साधारण १० ते १५ पास्कल. इंजेक्शन भरायच्या खोलीत दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात. दार उघडलं की हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. क्षयरोग्याच्या विलगीकरण कक्षात आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या बीएसएल-४ प्रयोगशाळेत उलटं असतं. तिथे हवा आत ओढली जाते, म्हणजे आतलं बाहेर जात नाही. कोडमध्ये हा फरक अधिक-उणे चिन्हाचा. प्रत्यक्षात ते चिन्ह सांगतं, की आपण कुणाला वाचवतोय: आतल्या वस्तूला की बाहेरच्या माणसाला.

आता कर्करोगाचं इंजेक्शन घ्या. रुग्णासाठी ते निर्जंतुक हवं, म्हणून दाब जास्त हवा. पण औषध विषारी, म्हणून ते तयार करणाऱ्यांसाठी दाब कमी हवा. निर्जंतुक कामासाठी आडव्या झोताचं कपाट असतं. त्यात गाळलेली हवा मागून येते, औषधावरून जाते आणि थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. औषध एकदम स्वच्छ राहतं. त्याच्यापुढे बसलेल्या माणसाचा विचार त्या रचनेत नाहीच. १९७९ साली फिनलंडच्या संशोधकांनी ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की अशी औषधं हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवण्याची क्षमता वाढलेली असते.

यावर उपाय आहे. औषधाच्या खोलीत दाब कमी ठेवायचा आणि तिच्याभोवती गाळलेल्या हवेची, जास्त दाबाची आणखी एक खोली बांधायची. मग आत शिरते ती हवाही स्वच्छच असते. शिवाय कपाटातला झोत वरून खाली सोडायचा आणि कपाटाच्या तोंडाशी हवा आत ओढायची. रुग्णही वाचतो, परिचारिकाही.

म्हणून ‘रुग्ण की कर्मचारी’ हा पेच मला बऱ्याचदा खोटा वाटतो. भौतिकशास्त्राने तो सोडवलाय. उरतो तो एका जास्तीच्या खोलीचा, पंख्याचा आणि विजेच्या बिलाचा हिशोब. तो खर्च टाळला तर त्याची किंमत कपाटासमोर बसणाऱ्या व्यक्तीचं शरीर भरतं, आणि बजेटच्या बैठकीला ती सहसा नसते. एखादी जागा किती स्वच्छ आहे, हे कण मोजणारं यंत्र सांगतं. तिथली घाण कुणाच्या अंगावर सोडली, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.