डॉक्टरांची सावली

आमच्या वेळी डॉक्टर व्हायला नुसते मार्क लागत. आता 'नीट' लागते. अमेरिकेत मात्र एवढ्यावर भागत नाही. न्यू जर्सीतली माझ्या भाचीची मुलगी कॉलेजची चार वर्षं पुरी करते आहे, एमकॅट नावाची परीक्षा देणार आहे, आणि वर तिला कुणातरी डॉक्टरची सावली व्हायचं आहे. म्हणजे डॉक्टरांच्या मागे मागे हिंडायचं, ते पेशंट कसा तपासतात ते बघायचं, कशाला हात लावायचा नाही आणि मधे बोलायचं नाही. तीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या कुठल्याही पुरुषाला हे काम सहज जमेल.

"आजोबा, दोन डॉक्टर तयार आहेत. कुणाकडे जाऊ?"

एक हृदयाचे सर्जन. नाव मोठं, शिफारसपत्र वजनदार. दुसऱ्या साध्या फॅमिली डॉक्टर. दिवसभर खोकला, मधुमेह आणि गुडघे. अर्जात म्हणे १५ अनुभव लिहायला जागा असते आणि त्यातले ३ 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात. माझ्या सत्तर वर्षांत तीन निघतील की नाही, शंकाच आहे.

मी 'सर्जन' म्हणणारच होतो. एवढी वर्षं नोकरी केली ती काय उगाच? शिफारसपत्राचं वजन मला कळतं. पण तेवढ्यात मला माझी मूळव्याध आठवली.

एका मोठ्या इस्पितळात मी भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडलो होतो. लेंगा गुडघ्याशी. "विद्यार्थी आहेत, हरकत नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं. मान वळवून बघतो तर सहाजण आधीच आत! आता हरकत घ्यायची म्हटली तरी निदान लेंगा जागेवर हवा की नको? "छे, छे, हरकत कसली!" मी म्हणालो, आणि वर त्यांना परीक्षेसाठी शुभेच्छाही दिल्या. त्यांतली एक मुलगी मात्र सारा वेळ खिडकीबाहेर बघत होती. पेपरात तिला तो प्रश्न आला असेल तर माझ्यामुळे मार्क गेले असणार.

"दोघांनाही एकच विचार," मी नातीला म्हटलं. "पेशंटची परवानगी घेताना तू खोलीत असणार की बाहेर?"

सर्जनसाहेबांच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही." फॅमिली डॉक्टर म्हणाल्या, "नर्स आधी एकटी आत जाऊन विचारते. तू दारापासून लांब थांबायचंस."

नात त्यांच्याकडे गेली. लगेच भाचीचा फोन. "मामा, तुझ्या मूळव्याधीपायी पोरीचं शिफारसपत्र गेलं!" तिचंही खरंच होतं. त्या पत्रावाचून प्रवेश हुकला, तर खिडकीबाहेर बघणारी एक डॉक्टर कमी होणार, आणि ते माझ्यामुळे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गेल्या शनिवारी नातीचा फोन आला. एका म्हातारीनं 'नको' म्हटलं, तेव्हा ही चाळीस मिनिटं बाहेरच्या खुर्चीवर बसून होती.

"आजोबा, अर्जात तास लिहायचे असतात. ही चाळीस मिनिटं धरू का?"

"फोन ठेव आता," मी म्हटलं, "महाग पडतो."

हल्ली तो पडत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.