थोर कोण? शिखर की सागर?

भिवंडीहून वारीला निघालेला माणूस घाटाखाली पोचला, की त्याची मान आपोआप वर जाते. डोंगर केवढा आणि आपण केवढे, असे मनात येते. पण उंच तेच थोर, हा हिशेब खरा आहे काय? वाचकहो, याचा थोडा विचार करू या.

आधी मापे पाहा. आपल्या महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, १६४६ मीटर. जगात सर्वांत उंच एव्हरेस्ट. त्याची २०२० साली जाहीर झालेली उंची ८८४८.८६ मीटर. बरे, सर्वांत खोल जागा कोणती? पॅसिफिक महासागरातली मारियाना गर्ता, सुमारे ११ हजार मीटर. म्हणजे एव्हरेस्ट उचलून त्या गर्तेत ठेवला, तरी त्याच्या माथ्यावर दोन हजार मीटर पाणी उरेल!

आणखी एक नवल. एव्हरेस्टच्या माथ्याचा खडक चुनखडीचा आहे, आणि त्यात समुद्रातल्या जिवांचे अवशेष सापडतात. म्हणजे तो माथा एके काळी समुद्राचा तळ होता. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाला भिडली, त्या रेट्याने तळाचा माथा झाला. मग शिखराने मिरवायचे ते कशाच्या जोरावर?

आता आपल्या सह्याद्रीकडे या. भीमाशंकराच्या माथ्यावर पाऊस पडतो. पूर्वेला उतरलेला थेंब भीमेत जातो, पंढरीत चंद्रभागा म्हणवतो. पश्चिमेला उतरलेला थेंब कोकणात उल्हास नदीला मिळतो, आणि आपल्या भिवंडीच्या अंगाने खाडीतून समुद्राला जातो. डोंगराला दोहोंपैकी एकही थेंब धरून ठेवता येत नाही. सागर सर्वांच्या खाली बसला, म्हणून सगळ्या नद्या त्याच्या घरी आल्या. वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, त्यातले मर्म हेच.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, बोलणे गोड आहे. पण सखलात राहणाऱ्याचे हाल आम्हांला विचारा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात कल्याण-भिवंडीच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. यंत्रमागावर राबणाऱ्याचा संसार भिजला. खाली राहण्यातच थोरवी आहे, असे त्याला सांगणार काय?"

शंका रास्त आहे, ती टाळून चालणार नाही. समाधान असे, की नम्रता आपण होऊन घ्यायची असते, दुसऱ्याच्या डोक्यावर लादायची नसते. स्वतः माडीवर बसून खालच्याला 'लीन राहा' म्हणणारा धर्म सांगत नाही, तो आपली सोय पाहतो. नाल्याची वाट बुजवून घर उंच बांधायचे, आणि देवळात जाऊन वाकायचे, ही नम्रता नव्हे. तिने शेजाऱ्याच्या घरात पाणी जाते.

तेव्हा वाकायचे ते वरच्याने. डोंगर आपले पाणी खाली सोडतो, म्हणून खालची शेते पिकतात. तेवढ्यापुरता तो खरा थोर. आपल्याजवळ जी काही उंची असेल, पैशाची, विद्येची, मानाची, तिचे पाणी खाली किती उतरले, हे ज्याचे त्याने पाहावे.

पुढच्या वारीला घाट चढाल, तेव्हा शिखराकडे जरूर पाहा. पण एकदा मागे वळून खाडीकडेही पाहा.

राम कृष्ण हरि.