विकणाऱ्याचें मौन

विकणाऱ्यानें आपल्या मालाचा दोष कोठवर सांगावा आणि घेणाऱ्यानें तो कोठवर आपण होऊन शोधावा, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. आपल्या खेड्यांतून तो आजवर बैलाच्या, म्हशीच्या, विहिरीच्या व जमिनीच्या व्यवहारांत उभा राहत असे. आतां त्यांत जुन्या मोटारीची भर पडली आहे. शाळामास्तर, डेअरीला दूध घालणारा शेतकरी, चौघां भावांनीं मिळून वडाप चालविणारें कुटुंब, असे लोक पतसंस्थेचें कर्ज काढून किंवा घरांतील सोनें मोडून तालुक्याच्या गांवीं वापरलेली गाडी घेतात; आणि गाडी दारांत येऊन पंधरा दिवस झाले नाहींत तोंच चालकासमोरील फळीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, एक पिवळा दिवा लागतो. मिस्त्री पाहून सांगतो कीं, हा दोष नवा नव्हे, जुनाच आहे. मग गांवांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, विकणाऱ्यानें फसविलें. दुसरा म्हणतो, ह्यानें डोळे उघडे ठेवून कां घेतली नाहीं? ह्या दोन पक्षांत खरें कोणाचें, याचा थोडा विचार वाचकांनीं आमच्याबरोबर करावा.

प्रथम हा दिवा म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. हल्लींच्या मोटारींत इंजिनाच्या कारभारावर एक लहानसा संगणक देखरेख करीत असतो. धुराच्या नळींत, हवेच्या व इंधनाच्या वाटेंत बसविलेल्या सेन्सरांकडून त्याला सारखी खबर मिळते. ती खबर ठरलेल्या मर्यादेबाहेरची आली कीं तो तिचा सांकेतिक क्रमांक आपल्या स्मरणांत टिपून ठेवतो आणि चालकापुढें इंजिनाच्या आकृतीचा दिवा लावतो. ही व्यवस्था केवळ मालकाच्या सोयीसाठीं निघालेली नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत मोटारींच्या धुरानें हवा नासली, तेव्हां तेथील सरकारनें १९८८ च्या सुमारास कारखानदारांवर तिची सक्ती केली. १९९६ पासून तिचें सुधारलेलें रूप त्या देशांतील सर्व नव्या मोटारींस लागू झालें. आपल्याकडे ती २०१० नंतर टप्प्याटप्प्यानें आली, आणि १ एप्रिल २०२० रोजीं लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनीं नव्या दुचाकींपर्यंत पोहोंचली. म्हणजे हा दिवा जितका मालकाचा नोकर, तितकाच रस्त्यानें चालणाऱ्या शेजाऱ्याचा साक्षीदार आहे. ‘गाडी चालते ना, मग झालें’ असें म्हणून जो त्याकडे काणाडोळा करतो, तो आपला धूर मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या छातींत घालीत असतो.

दिवा दोषाचें नांव सांगत नाहीं. तो हाक तेवढी मारतो. त्याच्यामागें उंदरानें कुरतडलेली एक तार असूं शकेल, किंवा सबंध इंजिन उतरविण्याइतकें काम असूं शकेल. नव्या नियमांच्या डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी धरून ठेवणारी एक जाळी असते. ती साफ होण्यास गाडी मधूनमधून लांब रस्त्यावर वेगानें चालावी लागते. शेतापासून डेअरीपर्यंत आणि डेअरीपासून घरापर्यंत एवढीच जिची फेरी, त्या गाडीची जाळी तुंबते आणि दिवा लागतो. यांत कोणाचें कपट नाहीं. तांबड्या दिव्यांची गोष्ट निराळी. तेलाचा दाब उतरला, पाणी तापलें, ब्रेकांत बिघाड झाला, तर ते लागतात, आणि तेव्हां गाडी जागच्या जागीं थांबवावी हेंच शहाणपण. एअरबॅगचा दिवा लागून राहिला असेल, तर अपघाताच्या वेळीं ती पिशवी उघडेल याची शाश्वती नाहीं. आणि त्या गाडींत मागें पुढें कोणाचीं लेकरें बसणार आहेत, हें विकणाऱ्यास बहुधा ठाऊक असतें.

आतां खऱ्या प्रश्नाकडे वळूं. हा दिवा विझवितां येतो. सुकाणूच्या चाकाखालीं जी एक खोबण असते, तींत स्कॅनर नांवाचें यंत्र जोडून संगणकाच्या स्मरणांतील क्रमांक पुसून टाकले कीं दिवा जातो. दोष मात्र जेथल्या तेथें असतो, आणि गाडी कांहीं अंतर चालली म्हणजे दिवा पुन्हां लागतो. तेवढ्या अवकाशांत पैसे ह्या हातांतून त्या हातांत गेलेले असतात. कोणी जुन्या गाडीच्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवितात, कोणी बल्बच काढून घेतात. कांहीं तर एअरबॅगच्या दिव्याची तार दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या तारेस जोडतात, म्हणजे तो त्याच्याबरोबर लागतो आणि त्याच्याबरोबर विझतो, व पाहणाऱ्याची खात्री पटते. हें कसब गल्लींतल्या दलालापुरतेंच आहे असेंही कोणी समजूं नये. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या डिझेल गाड्यांत असा कार्यक्रम घालून ठेवला होता कीं, गाडीची सरकारी तपासणी चालली आहे हें ओळखून तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ निघावा. २०१५ सालीं हें उघडकीस आलें, आणि अशा गाड्या जगभर सुमारें १ कोटी १० लाख असल्याचें त्या कंपनीनेंच जाहीर केलें. मोठ्या घरचें कपट मोठ्या आंकड्यांचें असतें, इतकाच फरक.

असा मनुष्य पकडला गेला म्हणजे एक ठराविक उत्तर देतो: “मी खोटें काय बोललों? तुम्ही विचारलें नाहीं, मी सांगितलें नाहीं.” हें उत्तर अगदींच पोकळ आहे असें नाहीं, कारण कायदाही कांहीं अंशीं त्याच्या बाजूचा आहे. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमांत, नुसतें गप्प राहणें म्हणजे कपट नव्हे, असें तत्त्व सांगितलें आहे, आणि त्यास घोड्याचें उदाहरण दिलें आहे. एका मनुष्यानें आपला घोडा लिलावांत विकला. घोड्यांत खोड आहे हें तो जाणत होता, पण बोलला नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें हें कपट नव्हे. १९३० सालचा मालविक्रीचा कायदाही घेणाऱ्यास बजावतो कीं, तूं माल तपासून घेतलास, तर त्या तपासणींत जो दोष दिसावयास हवा होता त्याची हमी विकणाऱ्याकडे मागूं नको. धंदेवाईक विकणाऱ्यावर तो थोडा अधिक बोजा ठेवतो. परंतु घरगुती व्यवहारांत, घेणाऱ्यानें आपले डोळे आपल्याबरोबर आणावे, हाच सामान्य नियम.

पण त्या घोड्याचीं उदाहरणें तेथेंच संपत नाहींत, आणि आमचे लोक पहिलें ऐकून उठून जातात. दुसरें असें: घोडा घेणारी ही विकणाऱ्याचीच मुलगी असून नुकतीच कायद्यानें सज्ञान झाली आहे, तेथें त्यानें खोड सांगितलीच पाहिजे, कारण नातेंच तशा प्रकारचें आहे. तिसरें असें: घेणारा म्हणतो, तुम्ही ‘नाहीं’ म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन, आणि विकणारा गप्प राहतो. येथें त्याचें गप्प राहणें हेंच बोलणें ठरतें.

आमच्या मतें विझविलेला दिवा ह्या तिसऱ्या उदाहरणांत पडतो. बैलाची गोष्ट घ्या. बैलबाजारांत घेणारा दांत पाहतो, खूर उचलतो, दहा पावलें चालवून पाहतो, मग उपरण्याखालीं बोटें धरून भाव ठरतो. बैल आपला दोष तोंडानें सांगत नाहीं, आणि धनीही सांगत नाहीं, दोघेही मुके. मोटार मात्र मुकी राहिलेली नाहीं. ती बोलूं लागली आहे, आणि दिवा न लागणें ह्याचा अर्थ सर्व ठीक आहे असाच सर्व लोक करतात. विकणाराही आपल्या पुढच्या गाडीच्या खरेदींत तोच अर्थ करील. तेव्हां ज्यानें तो दिवा हातानें विझविला, त्यास ‘मी बोललों नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार उरला नाहीं. तो बोलला आहे. त्यानें जिभेऐवजीं स्कॅनर वापरला, एवढेंच.

आणि ज्यानें दिवा तसाच जळत ठेवला, त्याचें काय? तो पहिल्यापेक्षां पुष्कळ बरा. तथापि तेवढ्यानें तो मोकळा झाला असें आम्हांस वाटत नाहीं. शहरांतील सराईत मिस्त्री दिवा पाहून किंमत पाडून मागेल. पण आयुष्यांत पहिलीच गाडी घेणारा मास्तर विचारतो, “दादा, हा कसला दिवा?” आणि दादा सांगतात, “तो असाच लागतो हो, सेन्सरचा आहे. त्याकडे लक्ष देऊं नका.” दादांस कारण खरोखर ठाऊक नसेल, तर ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणण्यास किती शब्द लागतात? कायद्यानें मुलीच्या बाबतींत जें ओळखलें, तें आपण शेजाऱ्याच्या बाबतींत ओळखावयास हवें. जो आपल्यावर भरवसा टाकून आला आणि ज्याला तो दिवा वाचतां येत नाहीं, त्याच्यापुढें दिवा जळत ठेवणें म्हणजे निरक्षरापुढें कागद उघडा ठेवून ‘वाचून घ्या’ म्हणण्यासारखें आहे.

हा वाद आजचा नव्हे. रोमन वक्ता सिसरो ह्यानें ख्रिस्तपूर्व ४४ सालीं, अथेन्स येथें शिकत असलेल्या आपल्या मुलास उद्देशून कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत तो आला आहे. एक मनुष्य घर विकावयास काढतो. घर रोगट आहे, लांकूड किडलें आहे, निजण्याच्या खोल्यांतून साप निघतात, आणि हें धन्याखेरीज कोणास ठाऊक नाहीं. बाबेलचा तत्त्ववेत्ता डायोजेनीझ म्हणतो, त्यानें कोणावर घेण्याची जबरी केली काय? आणि आपल्याच मालाची निंदा दवंडी पिटून करणारा विकणारा कोणी पाहिला आहे काय? त्याचा शिष्य अँटिपेटर ह्याचें उत्तर असें कीं, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें हें वाईट खरेंच, पण हें त्याहून वाईट. हें जाणूनबुजून दुसऱ्यास आडवाटेनें लावणें आहे. (हा अँटिपेटर तार्सकर, म्हणजे पौलाच्याच गांवचा; परंतु त्याच्या शंभरांवर वर्षें आधींचा.) सिसरो शिष्याच्या बाजूनें निकाल देतो. जी गोष्ट समजणें दुसऱ्याच्या हिताचें आहे, ती आपल्या लाभासाठीं त्याच्यापासून झांकून ठेवणें हें नुसतें मौन नव्हे, असें त्याचें म्हणणें. डायोजेनीझाचें एक म्हणणें आम्ही मान्य करूं: शेजारच्या गांवीं अशीच गाडी दहा हजारांनीं स्वस्त मिळते, हें विकणाऱ्यानें सांगत बसावें असा नियम कोणी करूं शकणार नाहीं. पण ती बाजाराची बातमी झाली. साप घरांतले आहेत.

घेणाऱ्याविषयींही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण झांकली मूठ सव्वा लाखाची ठेवण्यांत त्याचाही हात असतो. किल्ली फिरवावी, पण इंजिन लगेच सुरूं करूं नये. त्या क्षणीं इशाऱ्याचे बहुतेक सर्व दिवे एकदम लागतात, हा त्यांच्या जिवंतपणाचा पुरावा. मग इंजिन सुरूं झालें म्हणजे ते विझावे. जो दिवा मुळीं लागलाच नाहीं, त्याचें तोंड कोणी तरी बांधलें आहे असें समजावें. आपला मिस्त्री आपल्या स्कॅनरासह न्यावा. क्रमांक नुकतेच पुसले असतील, तर संगणकाच्या कित्येक अंतर्गत चाचण्या अपुऱ्या असल्याचें तो दाखवितो. बॅटरी नुकतीच सोडली असली तरी तसेंच दिसतें, म्हणून तेवढ्यावरून कोणास चोर ठरवूं नये, चार दिवस थांबून पुन्हां पाहावें. असें असतां कित्येक जण मुद्दाम विचारीत नाहींत. विचारलें तर कळेल, कळलें तर पुढें विकतांना सांगावें लागेल, म्हणून ते आपलें अज्ञान जपून ठेवतात. असलें अज्ञान विकत घेतलेलें असतें. त्यास निष्पापपणा म्हणतां येत नाहीं.

ह्याच्या उलट प्रकारही घडतो. विकणारी एखादी विधवा असते; दिवा पाहून ती घाबरलेली असते; आणि घेणाऱ्या मिस्त्रीस पाहतांक्षणींच कळतें कीं दोन हजारांचें काम आहे. तो मान हलवितो, इंजिन गेलें म्हणतो, आणि पन्नास हजार पाडून गाडी नेतो. नीतिसूत्रांत मालास नांवें ठेवून घेणारा आणि घरीं जाऊन फुशारकी मारणारा जो गिऱ्हाईक आहे, तो हाच. ऑगस्टीननें एका मनुष्याची गोष्ट लिहून ठेवली आहे: त्याला एक हस्तलिखित ग्रंथ विकत मिळत होता, विकणाऱ्यास त्याचें मोल ठाऊक नसल्यामुळें तो फार थोडें मागत होता, आणि ह्यानें मागितलेलें न देतां वाजवी मोल दिलें. बाजारांतले लोक त्याला वेडा म्हणाले असतील.

सर्वांत कठीण प्रसंग शेवटीं ठेवला आहे, कारण सल्ला विचारावयास लोक येतात ते बहुधा ह्याच प्रसंगीं. मनुष्य स्वतः फसला. त्याला विझविलेला दिवा विकला गेला. पतसंस्थेचे हप्ते चालूच आहेत. आणि ज्यानें फसविलें तो काखा वर करून मोकळा झाला आहे. आतां तो विचारतो, मला जशी मिळाली तशी मीं पुढें दिली तर काय बिघडलें? त्याच्या पदराला जो खार लागला तो खरा आहे, आणि त्याला उपदेश करणें सोपें आहे. तथापि चोरानें आपलें घर फोडलें म्हणून तिसऱ्याचें घर फोडण्याचा हक्क आपणांस मिळत नाहीं. भांडण ज्यानें दिवा विझविला त्याच्याशीं आहे, त्याच्याकडे जावें, चार प्रतिष्ठित माणसें घेऊन जावें, कागद पुरेसे असतील तर ग्राहक आयोगाकडेही जावें. आणि गाडी काढावयाचीच झाली, तर दिवा जळत ठेवून, मिस्त्रीनें काढलेला क्रमांक कागदावर लिहून, तो कागद गाडीच्या पुस्तकासह घेणाऱ्याच्या हातीं द्यावा. अशा गाडीस गिऱ्हाईक नसतें असें नाहीं. तालुक्याच्या गांवीं गॅरेजवाले अशाच गाड्या शोधीत असतात. ते किंमत कमी देतील, पण दोष जाणून देतील, आणि पुढच्या महिन्यांत कोणी मास्तर आपल्या मुलांस घेऊन त्या माणसाच्या दारांत उभा राहणार नाहीं.