हनुवटीकडे जाणारं बोट

बसा. पाठ टेकवायची असेल तर टेकवा. आरशासमोर नको. मोबाइलही पालथा ठेवा, त्याचा पुढचा कॅमेरा हाही आरसाच. डोळे मिटायची घाई नाही. आधी एवढंच पाहा, आपले हात कुठे आहेत.

चेहऱ्यावर मुरूम असले की हात नकळत जबड्याखाली जातो. बोट खडबडीत जागा बरोबर शोधून काढतं, तिच्यावरून फिरतं, पुढे सरकतं, परत येतं. आत दडलेली ठणकणारी गाठ असेल तर जरा दाबूनही बघतं. तुमचं बोट आत्ता तिथे असेल तर ओढून काढू नका. ते काय विचारतंय, ते ऐका. कालच्यापेक्षा मोठी झाली का? पिकली का? शनिवारच्या लग्नापर्यंत बसेल का?

ऐकलंत? आता हात मांडीवर येऊ दे.

श्वास जसा चाललाय तसा चालू दे.

शाळेत असताना कुणीतरी सांगितलं होतं, वय वाढलं की जातील. तिशी आली, पस्तिशी आली. पुष्कळांचे जात नाहीत. काही बायकांना तर पंचविशीनंतर नव्याने येतात, बहुधा हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, पाळीच्या आधी जास्त. वय उलटून गेल्यावर आलेल्या या दुखण्याची कुणापाशी तक्रार करायचीही लाज वाटते. ती लाज छातीत कुठे जाणवते का, बघा. नसेल जाणवत तर शोधत बसू नका.

आता त्या एका जागेवर मन न्या, बोट नको. तिथे केसाचं मूळ आहे आणि त्याला लागून तेल तयार करणारी बारीक ग्रंथी. छिद्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, तेल आत साचतं, तिथे एरवीही राहणारे जिवाणू फोफावतात आणि शरीर सूज आणतं. सगळा प्रकार काही मिलिमीटरच्या जागेतला. त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था गर्भात एकाच थरातून घडतात, आणि मेंदू तणावाच्या वेळी जी संप्रेरकं वापरतो त्यांतल्या काहींची भाषा या तेलग्रंथीच्या पेशींनाही कळते. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००३ साली २२ विद्यार्थ्यांचे चेहरे एरवी आणि परीक्षेच्या दिवसांत तपासले. ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचे मुरूमही जास्त बिघडले होते.

इथे जरा जास्त थांबा. कारण हे वाचल्या वाचल्या आतून आवाज येतो: म्हणजे माझंच चुकतंय. "टेन्शन घेतेस ना, म्हणून येतात." मावशी म्हणते, ऑफिसातली मैत्रीण म्हणते, आणि मग रात्री झोप येत नाही तेव्हा आपणही म्हणतो. माझ्या मते हा सल्ला कुचकामी आहे. ताण आधीच असलेले मुरूम चिघळवू शकतो, पण मुरुमांमागे आनुवंशिकता असते, संप्रेरकं असतात, कधी पीसीओएस हा अंडाशयाशी जोडलेला विकार, कधी एखादं औषध. टेन्शन घेऊ नकोस म्हटल्यावर टेन्शन न घेण्याचं एक नवं टेन्शन तेवढं मिळतं. तो आवाज आला तर येऊ दे. त्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधलेले नाही.

आता उलट्या दिशेने चला, त्वचेकडून मनाकडे.

आजचं एक संभाषण आठवा. समोरचा माणूस बोलत होता. मध्येच त्याची नजर खाली आली. हनुवटीकडे? की हातातल्या कागदाकडे? त्या क्षणी तुम्ही मान किंचित वळवलीत, दिव्याची बाजू बदललीत, केस पुढे घेतलेत. आणि तो काय म्हणाला? आठवतं का? नसेल आठवत तर तो बुद्धीचा दोष नाही. मन एका वेळी फार थोडं धरू शकतं, आणि त्यातला मोठा वाटा चेहरा राखण्यात गेला. कामातल्या चुका, अर्धवट ऐकलेली वाक्यं, कॅमेरा बंद ठेवून उरकलेल्या मीटिंगा, यांचा हिशेब कुठल्याही मलमाच्या खोक्यावर छापलेला नसतो. ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदींच्या २०१८ सालच्या एका मोठ्या अभ्यासात मुरुमांचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षी नैराश्याची जोखीम इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त दिसली. तेव्हा "एवढ्याशा फोडाचं काय घेऊन बसलीस" असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका.

तेच संभाषण पुन्हा आठवा. या वेळी फक्त त्या माणसाचा आवाज. शब्द नाही आठवले तरी चालतील. घाई होती, कंटाळा होता, की काळजी? मन हनुवटीकडे पळालं तर पळू दे, आणि परत आवाजाकडे आणा. आणखी एकदा. चेहऱ्यावर याने काही फरक पडणार नाही, ते काम उपचाराचं. आणि त्या उपचाराला दोन-तीन महिने लागतात. कुणीतरी सुचवलेली गोरं करणारी ट्यूब मात्र फासू नका. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं आणि त्याने मुरूम उलट वाढतात.

डोळे मिटले असतील तर उघडा. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा झोप लागत नाही, लोकांत जावंसं वाटत नाही, हेही सांगा. ते विचारतीलच असं नाही. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.