निकालात घराचे नाव नसते

जऊळका रेल्वेहून नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात मुलाखतीला जायचे, तर आदल्या दिवसापासून तयारी लागते. पूर्णा-अकोला मार्गावरच्या आमच्या स्टेशनावरून अकोला गाठायचे, तिथे गाडी बदलायची, नागपुरात उतरून वर्धा रोड धरायचा. जवळ आधार कार्ड आणि आतल्या माणसाच्या खात्यावर भरायचे कॅन्टीनचे पैसे. नाव नोंदवून ताटकळत बसल्यावर केव्हातरी माणूस समोर येतो आणि काय बोलायचे ते आठवेपर्यंत वेळ संपते. सोयाबीनची सोंगणी चालू असेल, तर या एका भेटीपायी हंगामातली मजुरी बुडते. माणूस गुन्हा करून आत गेलेला असो की काहीच न करता, घरच्यांना तिकीट तेवढेच पडते.

निरपराध माणूस तुरुंगात गेला की त्याच्या घरच्यांच्या दुःखाविषयी आपण हळहळतो. ते दुःख खरेच आहे. पण त्या घरावर दुःखाइतकेच कामही येऊन पडते. वकील गाठायचा, वकालतनाम्यावर सही आणायची, निकालाची नक्कल काढायची, तारखेला हजर राहायचे, पेशी पुढे ढकलली की हात हलवत परत यायचे. तपासात चूक सरकारी यंत्रणेची होते आणि ती निस्तरण्याचे काम वर्षानुवर्षे आई, बायको, भाऊ फुकट करतात. या कामाची भरपाई सरकारने घराच्या नावाने केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रातलाच एक खटला घ्या. अंकुश मारुती शिंदे आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जून 2003 मध्ये एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला, बायामुलींवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. त्यानंतर तेच प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि 5 मार्च 2019 रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले.

या निकालातली एक गोष्ट वाचून अंगावर काटा येतो. दरोड्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधल्या चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांचा माग काढला गेला. हा कागद पहिल्यापासून होता. तीन न्यायालयांच्या हाताखालून तो गेला आणि त्याचे खरे वजन कळायला सोळा वर्षे लागली. सहापैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हे लोक भटक्या जमातीतले, अतिशय गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. ही रक्कम त्या सोळा वर्षांत वाटून पाहिली, तर दिवसाला 90 रुपयेसुद्धा पडत नाहीत. 2019-20 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 206 रुपये होती. शिवाय हा हिशेब फक्त आतल्या माणसाचा झाला. बाहेर त्याच सोळा वर्षांत ज्यांनी प्रवास केला, उसनवारी केली, मुले वाढवली, त्यांचा एक पैसाही त्यात धरलेला नाही.

अशा घरांसाठी जामिनाची वाटही अरुंद असते. कोर्टात जामीनदार उभा करायचा म्हटले की सातबारा किंवा ऐपतीचा दाखला मागतात. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याची झोपडी गायरानात आहे, त्याने तो कुठून आणायचा? जमीन असलेला शेजारी अशा कामी आपला सातबारा सहसा देत नाही, आणि त्यालाही दोष देता येत नाही. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्या 31 ऑगस्ट 1952 रोजी कागदावर मुक्त झाल्या. पण दरोडा पडला की पोलिसांची गाडी अजूनही आधी पारध्यांच्या बेड्याकडे वळते. एक जण आत गेला की भाऊबंद धास्तावतात, कुणी कामासाठी गाव सोडून जाते, आणि ज्यांनी वकिलासाठी धावपळ करायची तेच पांगतात. मुंबईच्या एखाद्या नोकरदार घरावर हे संकट आले, तर निदान पत्र लिहायला, अर्ज करायला माणूस असतो. बेड्यावर तोही नसतो.

मात्र शिकलेसवरलेले घर असले म्हणून सुटका होते असेही नाही. प्रा. जी. एन. साईबाबा चाकाच्या खुर्चीशिवाय हलू शकत नव्हते. नागपूरच्या तुरुंगात असताना ऑगस्ट 2020 मध्ये त्यांची आई गेली. तिच्या अंत्यविधीला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. 14 ऑक्टोबर 2022 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना सोडले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. त्यांच्या पत्नी वसंता यांच्या घरात ती एक रात्र कशी गेली असेल, याची मला आजही कल्पना करवत नाही. मार्च 2024 मध्ये खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले, ते घरी आले आणि 12 ऑक्टोबर 2024 रोजी गेले. दहा वर्षे वाट पाहिलेल्या घराला ते सात महिने मिळाले.

मुंबईच्या 2006 च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ज्या बारा जणांची शिक्षा रद्द केली, त्यांतले कमाल अन्सारी चार वर्षांपूर्वीच, एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाने गेले होते. तेही नागपूरच्याच तुरुंगात. राज्य सरकार त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. अपिलाचे काय व्हायचे ते होईल. पण उच्च न्यायालयाचा निकाल ऐकायला त्या घरातला माणूस नव्हता, हे काही आता बदलत नाही.

मुलांच्या बाबतीत एक आधार उपलब्ध आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांनाही महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात. पण हे बेड्यावर जाऊन सांगते कोण? दाखले गोळा करून अर्ज भरून देते कोण? शाळेत त्या मुलाला "तुझा बाप आत आहे ना?" असे विचारणारे मात्र पुष्कळ असतात. त्या वेळी गुरुजींनी वर्गात एक शब्द बोलणे, सरपंचाने ग्रामसभेत त्या घराचा अर्ज पुढे करणे, याला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जऊळक्यासारख्या गावात माणसे एकमेकांना नावानिशी ओळखतात. गाव त्या घराशी कसे वागते, यावर मुले शाळेत टिकतात की नाही हे बऱ्याच अंशी ठरते.

आणखी एक कुटुंब या गोष्टीत आहे, त्याला विसरून चालणार नाही. ज्यांची माणसे 2003 च्या त्या दरोड्यात मारली गेली, त्यांनाही सोळा वर्षे चुकीची माणसे दाखवून न्याय झाल्याचे सांगितले गेले. निर्दोष सुटकेचा निकाल आला त्या दिवशी त्यांच्या हाती काहीच उरले नाही. खोटा तपास दोन्ही घरांना नागवतो. म्हणून निरपराधांची बाजू घेणे म्हणजे पीडितांच्या विरोधात जाणे, हा आपल्याकडे सर्रास होणारा आरोप मला मुळीच मान्य नाही.

कायद्यात आज काय आहे? 1983 साली बिहारच्या रुदुल शाह प्रकरणात, सुटकेचा हुकूम होऊनही चौदा वर्षे डांबलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली. तेव्हापासून अशी भरपाई मिळते, पण ती न्यायाधीशाला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढी. ऑगस्ट 2018 मध्ये विधी आयोगाने आपल्या 277 व्या अहवालात यासाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद, विशेष न्यायालये, पैशाखेरीज समुपदेशन आणि रोजगाराचे प्रशिक्षण, आणि माणूस मेला असेल तर वारसांना अर्जाचा हक्क सुचवला. तो अहवाल तसाच पडून आहे. 2023 मध्ये फौजदारी प्रक्रियेचा अख्खा कायदा नव्याने लिहिला गेला. पुरेशा कारणाशिवाय एखाद्याला अटक करवणाऱ्याने द्यायच्या भरपाईची कमाल मर्यादा तिथेही 1000 रुपयेच राहिली.

पोलीस आणि तुरुंग हे राज्याच्या अखत्यारीतले विषय आहेत. त्यामुळे महाराष्ट्राला दिल्लीकडे बघत बसण्याचे कारण नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या घरच्यांचा वेगळा दावा ऐकणारे एक मंडळ राज्याने नेमावे. त्यापुढे मुलाखतीच्या प्रवासाचा खर्च मांडता यावा, बुडालेली मजुरी मांडता यावी, वकिलाच्या फीपायी विकलेली बकरी आणि गहाण पडलेली जमीन मांडता यावी. शाळा सुटलेल्या मुलाला पुन्हा शिकायचे असेल, तर तो खर्च सरकारच्या खात्यावर पडावा. प्रत्येक खर्चाची पावती मात्र मागू नये. ज्या घराने उसन्या पैशांवर दिवस काढले त्याच्याकडे पावत्या नसतात, आणि तपासाच्या कागदांत घोळ कुणी घातला होता, हे तोवर न्यायालयाने सांगितलेले असते.